वरच्या बाईंचं झाड

आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या नणंदेला सगळे ‘वरच्या बाई’ म्हणतात, आणि आम्ही राहतो तळमजल्यावर. नवा माणूस पत्ता विचारत आला की पोरं सांगतात, वरच्या बाई ना, त्या खालीच राहतात. तो बिचारा जिन्यात उभा राहून विचार करत बसतो.

हे नाव पडलं ताईंच्या नोकरीमुळे. त्यांच्या कचेरीत उपग्रहाने काढलेले जमिनीचे फोटो येतात. कुठल्या डोंगराला पालवी फुटली, कुठलं रान वाळायला लागलं, यंदा हे सगळं दरवर्षीपेक्षा लवकर झालं की उशिरा, एवढं बघायचं आणि वर कळवायचं. ताईंनी उभी हयात यात घालवली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, “राहून गेलं.” जसं काही दळण आणायचं राहून गेलं.

मला त्यांचं काम समजायला बरीच वर्षं लागली. वरून बघणारा एक देव, एवढंच मला ठाऊक. मग एकदा त्यांनी मला समजेल असं सांगितलं. फोटो म्हणजे एकमेकांना चिकटलेले चौकोन. एकेक चौकोन जमिनीवर आपल्या दोन खोल्यांएवढा. पानं सूर्याचा असा एक उजेड परत फेकतात जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण वरच्या यंत्राला दिसतो. जितकी पानं जास्त, तितका आकडा मोठा. तोच चौकोन वर्षानुवर्षं बघत राहिलं की त्याची एक रेघ तयार होते. पानं आली की चढते, गळाली की उतरते.

हे ऐकायला सोपं आहे. अशा माणसाबरोबर राहणं सोपं नाही. मी विचारावं, “भाजी कशी झालीय, ताई?” तर त्या दोन घास खाऊन सांगणार, “गेल्या पाच वर्षांत या आठवड्यात जशी असते, त्या मानाने बरी आहे.” माझ्या नवऱ्याला ताप आला तर म्हणतील, “याला दरवर्षी याच सुमारास येतो. उतरेल.” आणि खरंच उतरतो, त्यामुळे भांडताही येत नाही. टॅक्सीत बसल्या की ड्रायव्हरला डावं-उजवं सांगत नाहीत, पूर्वेला घ्या म्हणतात. एका ड्रायव्हरने गाडी थांबवून त्यांना होकायंत्र आणून द्यायची तयारी दाखवली होती.

एखादी गोष्ट आठवत नसली की त्या “तिथे ढग आहेत” म्हणतात. ढग आले की उपग्रहाला खालचं दिसत नाही, म्हणून. आता आमच्या घरात सगळेच तसं बोलतात. गॅस बंद केला होता का, असं ह्यांना विचारलं तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, “ढग आहेत.”

बरं, एवढं झाडाझुडपांचं ज्ञान, म्हणून मी हौसेने त्यांच्या खिडकीत दोन कुंड्या ठेवल्या. महिन्याभरात दोन्ही वाळल्या. विचारलं तर म्हणाल्या, “कुंडी फार लहान असते गं. चौकोनात मावत नाही.” आणि उंचीची त्यांना इतकी भीती की बल्ब बदलायला स्टुलावर चढल्या तरी डोळे मिटून घेतात. मग बल्ब कोण बघणार? तर मी.

अशा आमच्या ताई एका झाडापायी सगळ्या बिल्डिंगच्या तोंडी आल्या, त्याची ही गोष्ट.

आमच्या मागच्या अंगणात भिंतीला लागून एक मोठं झाड होतं. कुठलं, यावर बिल्डिंगमध्ये कधी एकमत झालं नाही. त्याखाली शिंपीकाका मशीन घेऊन बसायचे. बिल्डिंगचं प्लास्टर ओलं होतं तेव्हापासून बसतात. त्यांना परवानगी कोणी दिली नव्हती, कारण सावलीची परवानगी कोणाकडे मागायची तेच कोणाला माहीत नव्हतं. उसवलेलं, फाटलेलं, आखूड झालेलं, सगळं आम्ही खिडकीतून त्यांच्याकडे टाकायचो.

यंदा आजूबाजूची सगळी झाडं पालवली आणि आमचं मात्र वाळक्या काटक्यांचं राहिलं. झालं. आमच्या अध्यक्षांना विषय मिळाला. अध्यक्ष राहतात सगळ्यांत वरच्या मजल्यावर. त्यांनी नुकतीच दुसरी गाडी घेतली होती, पहिलीपेक्षा लांब. ती रात्रंदिवस रस्त्यावर उभी असायची आणि अध्यक्ष रात्रंदिवस खिडकीत. त्यांनी नोटीस लावली: मेलेलं झाड तोडून त्या जागी पार्किंग करणे, यावर सभा.

शिंपीकाका आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाणी घ्यायला आले. पेला रिकामा झाला तरी हातातून ठेवेनात.

“काय झालं, काका?”

“काही नाही वहिनी. झाड गेलं की मी पण गेलो. गाड्यांच्या मध्ये मशीन कोण ठेवू देणार? आणि दुकान घ्यायचं हे वय आहे का माझं?”

आतून ताईंचा आवाज आला. “झाड मेलं कशावरून?”

“अहो बाई, एक पान नाही.”

“पान नाही म्हणजे मेलं असं नसतं. काही झाडं उशिरा जागी होतात.”

“हे कुठलं झाड आहे?” मी विचारलं.

ताई बाहेर अंगणात गेल्या, झाडाच्या बुंध्याशी उभ्या राहिल्या, वर बघितलं, सालीला बोट लावलं. मग म्हणाल्या, “ते मला इथून नाही सांगता येणार.”

शिंपीकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी देवाकडे.

सभेच्या दिवशी ताई कचेरीतून एक मोठा रंगीत कागद घेऊन आल्या. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, झाड मेलेलं आहे हे लहान पोरालाही दिसतंय, तेव्हा चर्चा नको. ताई उठल्या. सभेत त्यांचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

“मी या झाडाची नऊ वर्षांची रेघ काढून आणलीय,” त्या म्हणाल्या. “दरवर्षी ते आधी उघडं असतं, मग उशिरा पण भराभर हिरवं होतं. एक वर्ष चुकलेलं नाही. गेल्या वर्षी तर नऊ वर्षांतलं सगळ्यांत चांगलं आलं होतं. आणि हे बघा, यंदाही रेघ उचलायला लागलीय. गेल्या आठवड्यापासून.”

सगळ्यांनी कागदावरच्या रेघेकडे बघितलं आणि मग माना वळवून दाराबाहेरच्या झाडाकडे. ते तसंच होतं, हाडकुळं.

“कुठे हिरवं आहे?” अध्यक्ष म्हणाले.

“आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात आहे.”

उपग्रहाला खोटं पाडायचं म्हणजे काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर म्हणाले, “नऊ वर्षांचा पुरावा आहे. पुढच्या सभेपर्यंत थांबू या.” अध्यक्षांनी नाक मुरडलं, पण थांबले. बायकांच्या रांगेत अध्यक्षीणबाई बसल्या होत्या. ताईंच्या कागदाकडे त्या टक लावून बघत होत्या. मला वाटलं, रंग आवडले असतील.

मग जे दिवस आले ते काय सांगू. जो तो येता-जाता झाडाकडे मान वर करून बघायचा. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना कोंब दिसला. अध्यक्षांनी खाली येऊन तपासला, म्हणाले सुरवंट आहे. दुसऱ्या दिवशी कोंब तिथून निघून गेला होता, तरी बाई ऐकेनात. मास्तरांनी दुर्बीण आणली, तर समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई त्यांच्यावर खिडकीतून ओरडली, आणि मास्तरीणबाईंनी दुर्बीण कपाटात टाकून कुलूप लावलं.

उपग्रह दर चार-पाच दिवसांनी आमच्यावरून जायचा. नवीन फोटो आला की ताई संध्याकाळी बूट काढायच्या आधी खिडकीत जाऊन सांगायच्या, “काका, आणखी चढलं.”

“चढलं का?” शिंपीकाका मशीन थांबवून वर बघायचे. “म्हणजे आता येईल.”

“येईल नाही, आलंय. तुम्हाला दिसायचं राहिलंय.”

त्या माणसाने इतका विश्वास ठेवला की मलाच धास्ती वाटायला लागली. तो आपल्या प्यायच्या पाण्यातलं अर्धं झाडाला घालायचा. आणि एक दिवस बघते तर मशीनशेजारी निळ्या कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे. जवळच्या शाळेचे सगळे गणवेश शिवायचं काम त्यांनी घेतलं होतं. आधी दोनदा नाही म्हणाले होते, जागेचा भरवसा नाही म्हणून.

“आता काय,” ते म्हणाले. “बाईंनी सांगितलंय ना.”

मी त्या रात्री जेवताना ताईंना म्हटलं, “ताई, तुमची खात्री आहे ना?”

“अगं, यंदाचा आकडा गेल्या वर्षाच्याही वर गेलाय. इतका हिरवा चौकोन म्हणजे खाली गडद सावली पडायला हवी.”

एवढं बोलल्या आणि त्यांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. भर दुपारी ताई अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. झाडाकडे बघतच नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या. काटक्यांच्या चार रेघा सोडल्या तर सावली नव्हती. शिंपीकाकांनी डोक्यावर गणवेशाची एक चड्डी पांघरली होती.

ताई आत आल्या त्या पांढऱ्याफटक. “काहीतरी चुकलंय. मला झाड वरून बघायचंय.”

“कचेरीत जाताय?”

“नाही. गच्चीवरून.”

आता आमच्या बिल्डिंगची गच्ची कित्येक वर्षं बंद आहे. टाकीचं काम चालू आहे, असं अध्यक्ष सांगतात. किल्ली त्यांच्याकडे. आम्ही जिना चढायला लागलो. ताईंनी एका हाताने कठडा धरला होता, दुसऱ्या हाताने मला, आणि डोळे मिटलेले. प्रत्येक मजल्यावर विचारायच्या, “आलं का?” जमिनीपासून शेकडो मैलांवरून बघण्यात जन्म गेलेली बाई, आणि तिला मी आंधळ्यासारखी चार जिने चढवत होते. मनात देवाचं नाव घेत होते, आणि हसूही येत होतं, त्याबद्दल त्याची माफीही मागत होते.

दार अध्यक्षीणबाईंनी उघडलं. अध्यक्ष बाहेर गेले होते. मी म्हटलं, गच्चीवरून जरा झाड बघायचं होतं. त्यांचा चेहरा आधी घाबरा झाला, मग हळूच उजळला.

“ह्यांनी कोणाला आणू नको म्हणून सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही सांगणार नाही ना कोणाला? या ना. या. चपला राहू द्या.”

त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं, आणि आम्ही हिरव्या अंधारात शिरलो.

अख्ख्या गच्चीवर मांडव होता. बांबू आणि सुतळ्या, आणि त्यावर भोपळ्याचा वेल, पान पानाला लागलेलं, तळहाताएवढी पिवळी फुलं. खाली ड्रमच्या ड्रम भरून माती. भोपळे असे टांगलेले की वाकून चालावं लागत होतं. गार वाटत होतं. टाकीचं काम म्हणजे काय, तर टाकीतून वेलाकडे गेलेला एक पाइप.

“नऊ वर्षं झाली,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. “हा सगळ्यांत मोठा बघा. इकडे या. याला मी उशी दिलीय खालून. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बघायला आलंय हो.”

ताईंनी डोळे उघडले होते. त्या मांडवाच्या कडेपर्यंत गेल्या, कठड्याच्या पलीकडे बघितलं. तिथे खाली, हात लांब केला तर लागेल अशा बेताने, झाडाचा वाळका शेंडा होता.

“एक चौकोन,” त्या म्हणाल्या. “एकच चौकोन सरकलाय गं. उन्हाळ्याच्या फोटोत बिल्डिंगपाशी एवढं एकच हिरवं दिसलं. मी म्हटलं, हेच झाड असणार.”

“म्हणजे?” मी म्हटलं, पण मला कळलं होतं.

“म्हणजे मी सभेत भोपळ्याची रेघ दाखवली.”

घरी येऊन त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि बरोबर चौकोन काढला. मला रेघा वाचता येत नाहीत, पण ही वाचता आली. दरवर्षी थोडी खाली. गेल्या वर्षी एक बारीकसा उंचवटा. यंदा सपाट. झाड मेलेलं होतं.

“ताई,” मी म्हटलं, “आता हे कोणाला सांगायची काय गरज आहे? फोटो तुमचे. कोणाला कळणार आहे? काकांनी शाळेचं काम घेतलंय.”

“चुकीचा चौकोन आहे.”

“असू दे ना.”

“मी आजवर कधी चुकीचा चौकोन वर पाठवलेला नाही.”

“मग अध्यक्षीणबाईंचं काय? त्यांना शब्द दिलाय आपण, कोणाला सांगणार नाही म्हणून.”

त्यावर मात्र त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. मी देवापुढे हात जोडले, पण काय मागावं तेच सुचेना. खोटं खपू दे, असं मागायला तोंड नको का? शेवटी म्हटलं, तुला वरून सगळं दिसतंय, तूच बघ.

सभेला या वेळी उभं राहायला जागा नव्हती. शिंपीकाकाही दाराशी येऊन उभे होते, गळ्यात टेप, बाहेरचा माणूस म्हणून उंबऱ्याच्या पलीकडे. ताई उठल्या. हातात कागद नव्हता.

“माझी चूक झाली,” त्या म्हणाल्या. “मी दाखवलेला चौकोन झाडाचा नव्हता. तो शेजारचा निघाला. झाडाचा खरा चौकोन मी काढला. झाड मेलेलं आहे.”

सभेत कुजबुज झाली. मी दाराकडे बघितलं नाही. बघवलंच नाही.

“मी पहिल्यापासून सांगत होतो,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. “उपग्रह-बिपग्रह ठीक आहे, पण डोळे असतात माणसाला. तर मग ठरलं. पुढचा विषय.”

“एक मिनिट,” मास्तर म्हणाले. “तो हिरवा चौकोन शेजारचा, तर शेजारी हिरवं काय आहे? नऊ वर्षं?”

अध्यक्षांची पाठ खुर्चीवरून सुटली. “हे आजच्या विषयात नाही.”

“बाई, तुम्ही सांगा,” मास्तर ताईंना म्हणाले.

ताईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. “तिथे ढग आहेत,” त्या म्हणाल्या.

“ढग कसे? तुम्हीच म्हणालात, गेल्या वर्षी सगळ्यांत चांगलं आलं.”

“मास्तर, पुढचा विषय घ्या म्हटलं ना,” अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला. “भोपळा आहे.”

अध्यक्षीणबाई उभ्या होत्या.

“तू खाली बस,” अध्यक्ष म्हणाले.

“का बसू? मागच्या सभेत यांनी एवढं कौतुक केलं. एक वर्ष चुकलेलं नाही म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्या काटक्यांकडे बघितलं. मी काही बोलले नाही. म्हटलं, असेल झाडाचं. आता यांनी घरी येऊन बघितलं आणि मला कळलं, ते माझं होतं. नऊ वर्षं माती मी वाहिली आणि नाव त्या मेल्या झाडाचं? वरच्या यंत्राला माझा भोपळा दिसतो, आणि तुम्ही म्हणता कोणाला दाखवू नको.”

“कुठे आहे भोपळा?” चौथ्या मजल्याच्या बाई म्हणाल्या.

“गच्चीवर. अख्ख्या.”

“गच्चीवर तर टाकीचं काम चालू आहे,” मास्तर म्हणाले, अगदी सावकाश, फळ्यावर लिहिल्यासारखं.

मग जी सभा झाली ती सगळी मला सांगता येणार नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणून कोणाच्या घरात काय काय ओलं राहिलं होतं, त्याचा नऊ वर्षांचा हिशेब निघाला. झाडाचा विषय कुठल्या कुठे गेला. अध्यक्षांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि एवढ्या लांब गाडीचा माणूस अगदी आखूड होऊन बसला.

“मांडव आजच्या आज काढा,” कोणीतरी म्हणालं.

अध्यक्षीणबाईंचा चेहरा पडला. तेव्हा ताई पुन्हा उठल्या.

“मांडव काढायचाच असेल तर खाली घ्या,” त्या म्हणाल्या. “झाडाच्या फांद्या तोडा, पण बुंधा आणि दोन जाड फांद्या राहू द्या. वेलाला आधार लागतो. आधार जिवंतच हवा असं काही नाही. आणि वेलाखाली कशी सावली पडते, ते मी डोळ्यांनी बघितलंय.”

“आणि पार्किंग?” अध्यक्ष म्हणाले, पण हळू.

बिल्डिंगने नऊ वर्षं गच्ची दिली होती, आता अध्यक्षांनी एक गाडी रस्त्यावर ठेवायची, एवढं न बोलता ठरलं. मी दाराकडे बघितलं. शिंपीकाका तिथे नव्हते. आम्ही बाहेर आलो तर ते बुंध्याशी उभे होते, गळ्यातला टेप काढून बुंध्याचा घेर मोजत होते.

“काय करताय, काका?”

“वेलाला किती सुतळी लागेल ते बघतोय,” ते म्हणाले. ताईंकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्ही खरं बोललात तेव्हा मला वाटलं, आता मशीन उचलायचं. दाराची चौकट धरली मी. पुढच्या वेळी असं खरं बोलायचं असेल तर मला आधी सांगा, मी बसून घेईन.”

“चुकले मी,” ताई म्हणाल्या.

“चुकलात म्हणून तर राहिलो.”

गच्चीवरचे ड्रम सगळ्यांनी मिळून उतरवले. वेल जुना झाला होता, त्याला हलवलं नाही, बिया नव्याने लावल्या. मधल्या दिवसांत आम्ही अंगणावर जुन्या चादरी बांधल्या आणि शाळेचे गणवेश त्याखाली शिवून झाले. काही पोरांच्या एका बाहीत दुसरीपेक्षा जास्त वारा जायचा, पण कोणी तक्रार केली नाही. आता वेल दोन्ही फांद्यांवर पसरलाय. चौथ्या मजल्याच्या बाई सांगतात की तो सुरवंट नव्हता.

परवा शिंपीकाका पाणी घ्यायला खिडकीशी आले. पेला हातातच धरून उभे राहिले.

“आता काय झालं?” मी विचारलं. “सावली नीट नाही का?”

“सावली झकास आहे, वहिनी. पण सावलीबरोबर अध्यक्षीणबाई पण आल्यात. सकाळपासून वेलाशी बसतात आणि बोलतात. मी म्हणतो वेलाशी बोलतायत, तर उत्तर माझ्याकडून मागतात.” त्यांनी आवाज खाली आणला. “ताईंना विचारा ना, हा हंगाम कधी संपतो.”

ताई आतच होत्या. म्हणाल्या, “पहिलंच वर्ष आहे. अजून सरासरी नाही.”

तेवढ्यात अंगणातून हाक आली की एक भोपळा घसरतोय, कोणीतरी धरा. काकांनी पेला खिडकीत ठेवला आणि ते धावले.